‘द गनफायटर’ (1950): जिमी रिंगोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या वेस्टर्नचा, म्हणजे काउबॉय-पिस्तूलबाजांच्या अमेरिकी सिनेमांचा, नाद असलेल्यांना हा सिनेमा मी नेहमी सुचवतो, आणि मग तेच तेच प्रश्न येतात. काही बघण्याआधीचे, काही बघून झाल्यावरचे. दोन्ही इथे एकत्र आहेत. शेवट आधी कळलेला चालत नसेल, तर ‘शेवटी रिंगो खोटं का बोलतो?’ त्याच्या लगेच पुढचा आणि अगदी शेवटचा असे तीन प्रश्न सोडून वाचा. इतर उत्तरांतही थोडा सुगावा लागेल, त्याला इलाज नाही.

हा नेमका कुठला सिनेमा? नाव ऐकल्यासारखं वाटतं, पण आठवत नाही.

ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा, 1950 सालचा, कृष्णधवल, जेमतेम 85 मिनिटांचा. दिग्दर्शक हेन्री किंग, निर्माता नन्नली जॉन्सन, मुख्य भूमिकेत ग्रेगरी पेक. याच नावाशी मिळतीजुळती नावं असलेले डझनभर सिनेमे आहेत, त्यामुळे शोधताना पेकचं नाव आणि साल दोन्ही टाका, नाहीतर भलतंच काही हाती लागतं.

गोष्ट काय आहे, थोडक्यात?

1880 च्या दशकातला अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग. जिमी रिंगो हा त्या मुलखातला सगळ्यात चपळ पिस्तूलबाज म्हणून गाजलेला माणूस. पस्तिशीला आलाय, थकलाय. पूर्वी टोळीत होता, आता एकटाच फिरतो. एका गावात घोटभर प्यायला थांबतो, तर तिथला एडी नावाचा पोरगा उगाच कुरापत काढतो आणि आधी पिस्तुलाला हात घालतो. रिंगोला त्याला मारावं लागतं. चूक कुणाची हे बघणारे सगळे सांगतात, पण एडीला तीन भाऊ आहेत, आणि त्यांना साक्षीपुराव्याशी कर्तव्य नाही.

भाऊ पाठलागावर. रिंगो त्यांना वाटेत गाठून निःशस्त्र करतो, त्यांचे घोडे हुसकावून लावतो आणि कायेन नावाच्या गावात येतो. इथे त्याची बायको पेगी राहते. तिनं नाव बदललंय, शाळेत शिकवते, गावात कुणाला पत्ता नाही. सोबत मुलगा आहे, ज्याला आपला बाप कोण हे माहीत नाही. रिंगोला एवढंच हवंय की तिनं एकदा भेटावं, सगळं सोडून कुठेतरी लांब तिघांनी नव्यानं राहावं. पेगी भेटायला तयार नाही. मग तो सलूनच्या कोपऱ्यात बसून वाट बघतो. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे सरकतात, आणि तिकडे ते तीन भाऊ घोडे मिळवून निघालेले असतात.

एवढंच. बाकी सगळा सिनेमा त्या वाट बघण्याचा आहे.

सलून म्हणजे?

आपल्याकडे सलून म्हटलं की केस कापायचं दुकान डोळ्यांसमोर येतं, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. वेस्टर्नमधलं सलून म्हणजे गुत्ता, खानावळ आणि पत्त्यांचा अड्डा एकाच छपराखाली. कायेनच्या सलूनचा मालक मॅक आहे, आणि ती भूमिका कार्ल माल्डनची. रिंगो आपल्याकडे बसलाय याची त्याला भीतीही वाटते आणि धंदा वाढणार याचा आनंदही होतो. दोन्ही एकाच चेहऱ्यावर. माल्डन पुढे मोठा नट झाला, त्याची चुणूक इथे दिसते.

रिंगो हा गुन्हेगार की सज्जन? सिनेमा त्याची बाजू घेतो का?

घेतो, पण त्याला धुऊन काढत नाही. गावाचा मार्शल, म्हणजे कायदा सांभाळणारा अधिकारी, मार्क स्ट्रेट हा त्याचा जुना दोस्त. दोघं एकाच टोळीत होते आणि टोळीनं केलेली कामं काही देवळात सांगण्यासारखी नव्हती. स्ट्रेट वेळीच बाहेर पडला, दुसरीकडे गेला, हळूहळू कायद्याचा माणूस झाला. मिलार्ड मिचेल या नटानं हा मार्शल इतका कमी बोलून उभा केलाय की मला दर वेळी पेकपेक्षा तोच जास्त आठवतो.

दोघांत फरक काय, हा सिनेमाचा खरा प्रश्न आहे. स्वभावात तर काहीच फरक दिसत नाही. दोघंही शांत, दोघंही दमलेले, दोघंही बऱ्यापैकी माणुसकी असलेले. फरक एवढाच की स्ट्रेटचं नाव झालं नव्हतं आणि रिंगोचं झालं होतं. स्ट्रेटला पिस्तूल खाली ठेवता आलं, कारण त्यानं ते ठेवलं की नाही हे बघायला कुणी येत नव्हतं. रिंगो जिथे जाईल तिथे त्याच्या आधी त्याचं नाव पोचलेलं असतं. दारात पोरं जमतात, शाळा ओस पडते, बायका मार्शलकडे तक्रार घेऊन येतात, आणि कुठल्यातरी टपोरी पोराच्या डोक्यात येतं की याला मारला तर उद्यापासून लोक माझं नाव घेतील.

आपण मराठीत ‘नाव काढलं’ असं कौतुकानं म्हणतो. रिंगोनं नाव काढलं आणि तेच त्याच्या मागं लागलं.

मारामारी भरपूर आहे ना?

नाही. ज्यांना धडाधड गोळ्या हव्यात त्यांनी आधीच सावध व्हावं. पडद्यावर रिंगोच्या हातून मरणारा माणूस एकच, तोही सुरुवातीला. बाकी वेळ तो बसलेला असतो, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून.

पण कंटाळा येत नाही, आणि याचं श्रेय पटकथेला. बसल्या जागी एकामागून एक माणसं त्याच्याकडे येत राहतात. समोरच्या घराच्या खिडकीत एक म्हातारा रायफल रोखून बसलाय, कारण आपल्या पोराला रिंगोनंच मारलं अशी त्याची पक्की समजूत आहे. रिंगो त्या गावी कधी गेलेलाच नसतो, पण हे पटवणार कसं? नाव मोठं असलं की न केलेले खूनही खात्यावर चढतात. मग हंट ब्रॉम्ली येतो, गावातला उडाणटप्पू, रिंगोला डिवचायला. रिंगोचा एक हात टेबलाखाली असतो. माझं पिस्तूल तुझ्या पोटावर रोखलंय, असं तो थंडपणे सुचवतो. ब्रॉम्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटत मागं सरतो. टेबलाखाली पिस्तूल नसतंच. ज्याचं नाव झालंय त्याला बंदूक काढावीसुद्धा लागत नाही, हा त्या नावाचा एकुलता एक फायदा सिनेमा दाखवतो.

आणि विनोद आहे बरं का. गावातल्या प्रतिष्ठित बायका रिंगोला हाकला म्हणून मार्शलच्या कचेरीत येतात. मार्शल जागेवर नसतो. तिथे एक उंच, अदबशीर गृहस्थ बसलेला असतो, त्याच्याशीच त्या तावातावानं रिंगोबद्दल बोलतात. तोही मान डोलावत त्यांचं म्हणणं ऐकून घेतो, मध्येच एखादी शंका विचारतो. थोड्या वेळानं त्यांना कळतं की आपण कुणाशी बोलत होतो.

घड्याळाचं एवढं काय? सगळे समीक्षक त्याबद्दल लिहितात.

कारण सिनेमाचा बराचसा भाग एकाच सकाळच्या काही तासांत घडतो आणि भिंतीवरचं घड्याळ परत परत दिसतं. भाऊ किती वाजता पोचतील याचा अंदाज आपल्याला असतो. दोन वर्षांनी आलेल्या ‘हाय नून’ या वेस्टर्नमध्ये हीच युक्ती जास्त ठळकपणे वापरली गेली आणि श्रेय बहुतेक त्यालाच मिळालं.

मला मात्र भिंतीवरच्या घड्याळापेक्षा न दिसणारं घड्याळ जास्त लागतं. एका प्रसंगी रिंगो कुरकुरतो की पस्तीस वर्षांचा झालो आणि माझ्याकडे एक धड घड्याळ नाही. सबंध मुलखात ज्याच्या नावाचा दरारा, त्याच्या मालकीचं काय? घोडा, खोगीर आणि अंगावरचे कपडे. पिस्तूल चालवून पैसा मिळत नाही, घर होत नाही, संसार होत नाही. वेस्टर्न सिनेमानं तोवर हा हिशोब इतक्या रोखठोकपणे क्वचितच मांडला होता.

पेगी लगेच का भेटत नाही? थोडी कठोर वाटते.

असं विचारणारे बहुधा पुरुष असतात, हे नमूद करतो. पेगीनं (हेलन वेस्टकॉट) एकटीनं मूल वाढवलंय, नाव बदलून नोकरी केलीय, गावात मान मिळवलाय. रिंगो एक दिवस येणार आणि ‘मी बदललो’ म्हणणार, त्यावर तिनं गाठोडं बांधून निघायचं का? अखेर मॉली नावाची सलूनमध्ये गाणारी जुनी मैत्रीण मध्ये पडते आणि भेट होते. मॉलीचा नवराही त्याच टोळीतला, मारला गेलेला. तेव्हा ती जे सांगते त्याला वजन असतं.

भेटीत पेगी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. एक वर्ष नीट राहून दाखव, मग बघू. मला ही अट अत्यंत शहाणपणाची वाटते. रिंगोच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद दिसतो तो मात्र बघवत नाही, कारण त्याच्या हाती वर्ष नाही हे आपल्याला कळून चुकलेलं असतं.

शेवटी रिंगो खोटं का बोलतो?

(इथे शेवट सांगितलाय.)

तिघे भाऊ पकडले जातात. रिंगो घोड्याजवळ येतो, निघणार तोच ब्रॉम्ली पाठीमागून गोळी घालतो. रिंगो मरताना मार्शलला सांगतो की पिस्तूल आधी मीच काढलं होतं. म्हणजे ब्रॉम्लीला फाशी होणार नाही, उलट समोरासमोरच्या लढतीत रिंगोला मारणारा म्हणून त्याचं नाव होईल.

पहिल्यांदा बघताना वाटतं, काय मोठं मन! मग लक्षात येतं की हा शाप आहे. फाशी म्हणजे एका दिवसात सुटका. रिंगो त्याला आपलं आयुष्य देऊन जातो: प्रत्येक गावात कुणीतरी टपलेला पोरगा, भिंतीला पाठ लावून जेवणं, दार उघडलं की दचकणं. ब्रॉम्लीला हे कळत नाही, तो खूश होतो. स्ट्रेटला कळतं. तो त्याला तबेल्यात नेऊन बडवतो, नशिबात काय वाढून ठेवलंय ते समजावतो आणि गावाबाहेर हाकलतो.

आधी लिहिलेल्या शेवटात मार्शल ब्रॉम्लीला अटक करायचा, आणि तो वाचून फॉक्सचा निर्मितीप्रमुख डॅरिल झानुक इतका भडकला की किंग आणि जॉन्सन यांनी शेवट नव्यानं लिहिला, असा किस्सा सांगितला जातो. वरच्या साहेबानं ढवळाढवळ केली आणि सिनेमा सुधारला, असं फार वेळा घडत नाही.

एवढ्या लांबड्या सूडाची काय गरज? हे पटकथाकाराचं नाटक नाही का?

इतिहास बघितला तर नाटक कमीच वाटतं. जेसी जेम्स हा मिझुरीतला नामांकित दरोडेखोर ‘थॉमस हॉवर्ड’ या खोट्या नावानं सेंट जोसेफ गावात बायकामुलांसह राहत होता. 3 एप्रिल 1882 रोजी भिंतीवरची तसबीर नीट करायला तो वळला आणि त्याच्याच टोळीत नव्यानं आलेल्या रॉबर्ट फोर्डनं मागून गोळी घातली. फोर्डला शिक्षेची माफी मिळाली. पुढे तो नाटकमंडळीबरोबर हिंडून तोच प्रसंग रंगमंचावर करून दाखवायचा. लोक पैसे देऊन बघायचे आणि भेकड म्हणून हिणवायचेही. दहा वर्षांनी, 8 जून 1892 ला, कोलोरॅडोतल्या क्रीड गावात एडवर्ड ओकेली नावाच्या माणसानं फोर्डला बंदुकीनं उडवलं. ओकेली 1904 मध्ये ओक्लाहोमा सिटीत एका पोलिसाच्या गोळीनं मेला.

दुसरी साखळी टेक्सासची. जॉन वेस्ली हार्डिन तुरुंगात कायदा शिकला, 1894 ला सुटला, चक्क वकील झाला. 19 ऑगस्ट 1895 ला एल पासोच्या एका सलूनमध्ये फासे खेळत असताना जॉन सेल्मननं त्याच्या डोक्यात मागून गोळी घातली. वर्षही झालं नव्हतं तोच सेल्मन दुसऱ्याच्या हातून मारला गेला.

हे वाचल्यावर ब्रॉम्लीचं पुढं काय झालं असेल ते सांगायला पटकथाकार लागत नाही.

मग खऱ्या आयुष्यात कुणालाच निवांत म्हातारपण मिळालं नाही?

मिळालं की. जेसीचा थोरला भाऊ फ्रँक जेम्स. जेसी मेल्यावर सहा महिन्यांनी, ऑक्टोबर 1882 मध्ये, तो स्वतः मिझुरीच्या राज्यपालांसमोर हजर झाला आणि कमरेचा पट्टा काढून त्यांच्या हाती दिला. खटले चालले, पण एकातही तो दोषी ठरला नाही. त्यानंतर त्यानं जोडे विकले, सेंट लुईसच्या नाट्यगृहात दारावर उभा राहिला, घोड्यांच्या शर्यतीत काम केलं. म्हातारपणी वडिलोपार्जित शेतावर बघ्यांकडून पैसे घेऊन घर दाखवायचा. 1915 मध्ये बिछान्यात मेला.

एमेट डाल्टनची कथा आणखी अजब. 5 ऑक्टोबर 1892 ला डाल्टन टोळीनं कॅन्ससच्या कॉफीव्हिल गावात एकाच वेळी दोन बँका लुटायचा घाट घातला. गावकऱ्यांनी ओळखलं, बंदुका काढल्या. टोळीतले चार ठार, गावातले चार ठार. वीसहून जास्त जखमा होऊनही एमेट जगला. चौदाएक वर्षं तुरुंगात काढली, 1907 मध्ये माफी मिळाली, लग्न केलं, कॅलिफोर्नियात जाऊन जमीनजुमल्याचा धंदा केला, सिनेमावाल्यांत वावरला. 1937 मध्ये मेला.

म्हणजे रिंगोचं स्वप्न अशक्य नव्हतं. पण ज्यांना जमलं त्यांच्या बाबतीत एक गोष्ट दिसते: सरकारनं कुठेतरी शिक्का मारून ‘हिशोब संपला’ म्हटलं होतं. फ्रँकला न्यायालयानं सोडलं, एमेटनं तुरुंगवास भोगला. रिंगोच्या नावावर तसा शिक्का कधीच पडत नाही. त्याच्यावर खटला नाही, म्हणून सुटकाही नाही.

हा रिंगो खरा होऊन गेला का?

जॉनी रिंगो नावाचा खरा माणूस होता, सिनेमातला जिमी नव्हे. जन्म 1850 चा, इंडियाना राज्यातला. टेक्सासच्या मेसन परगण्यातल्या वैरात त्याचं नाव गाजलं, पुढे तो ॲरिझोनात टूमस्टोन भागात आला. कायद्याचा नामांकित माणूस वायट अर्प आणि त्याचा दोस्त डॉक हॉलिडे यांच्या विरोधातल्या गोटातला. त्या दोघांनी ऑक्टोबर 1881 मध्ये ओके कोरलला लढलेल्या प्रसिद्ध चकमकीत मात्र तो नव्हता. जुलै 1882 मध्ये एका झाडाखाली मृतावस्थेत सापडला, डोक्यात गोळी, पायांत बूट नाहीत, पावलांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. तो सगळ्यांना पटला नाही, आणि वाद आजतागायत चालू आहे.

बायको, मुलगा, कायेन गाव हे सगळं कल्पित. समोरासमोर उभं राहून कुणाचं पिस्तूल आधी निघतं याची शर्यतही बरीचशी सिनेमानं रंगवलेली. मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात 1865 साली वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट यांच्यात तसं काहीसं झालं, म्हणून तर ते एवढं लक्षात राहिलं. आणि तो हिकॉक अखेर मेला कसा? 1876 मध्ये डेडवूडला पत्ते खेळताना, मागून.

पेकच्या मिशीची काय भानगड?

किंगला सिनेमा जुन्या फोटोंसारखा दिसायला हवा होता. म्हणून पेकला मोठी, खाली उतरलेली मिशी, बेतास बात कापलेले केस, चुरगळलेले कपडे. पेक तेव्हा बायकांचा लाडका देखणा नट. कंपनीचे अध्यक्ष स्पायरॉस स्कूरस यांनी चित्रण झालेला भाग बघितला तोवर नव्यानं चित्रण करणं परवडणारं नव्हतं. ती मिशी त्यांना अजिबात आवडली नव्हती, असं सांगतात. सिनेमा अपेक्षेइतका चालला नाही, आणि खापर मिशीवर फुटलं.

माझं मत विचाराल तर ती मिशी नसती तर हा सिनेमाच नसता. गुळगुळीत दाढी केलेला पेक थकलेला दिसलाच नसता. चित्रण आर्थर मिलर यांचं आहे (नाटककार तो वेगळा). तीन ऑस्कर मिळवलेला हा छायाचित्रकार कारकिर्दीच्या शेवटाकडे होता. सलूनमधल्या त्याच्या चौकटी जरूर बघा, पुढचा माणूस आणि पार मागच्या दारातला माणूस दोन्ही स्पष्ट. रिंगोसारखंच आपल्यालाही दारावर लक्ष ठेवावं लागतं.

ही भूमिका जॉन वेनची होती, हे खरं?

त्याला हवी होती, हे खरं. कथा कोलंबिया या सिनेमा कंपनीकडे होती आणि कोलंबियाचा प्रमुख हॅरी कोन वेनला डोळ्यांसमोर नको असायचा. त्याच्यासाठी काम करायला वेन तयार झाला नाही. मग ती फॉक्सकडे गेली. वेनला ही चुटपुट बरीच वर्षं असावी. 1976 मध्ये त्यानं शेवटचा सिनेमा केला, ‘द शूटिस्ट’, आणि त्यातही तो नाव झालेला, मरणाच्या दारात उभा असलेला पिस्तूलबाजच आहे.

कथा मुळात विल्यम बॉवर्स आणि आंद्रे द टॉथ यांची, तिला ऑस्करचं नामांकन होतं. या द टॉथला एकच डोळा होता आणि त्यानं पुढे त्रिमिती सिनेमा काढला. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

सिनेमात संगीत नाही का? आमच्या प्रतीत काही बिघाड आहे?

प्रत ठीक आहे. आल्फ्रेड न्यूमनचं संगीत सुरुवातीला आणि शेवटी आहे, मधे जवळजवळ काही नाही. बुटांचा आवाज, खुर्चीचा आवाज, बाहेरच्या पोरांचा गलका. आवाज थोडा वाढवून बघा.

बॉब डिलनच्या गाण्यात हाच सिनेमा आहे?

हो. 1986 चं ‘ब्राउन्सव्हिल गर्ल’, नाटककार सॅम शेपर्डबरोबर लिहिलेलं, अकरा मिनिटांचं. गाणारा माणूस पेकचा एक सिनेमा आठवत राहतो, नाव न घेता, आणि जे वर्णन करतो ते याच गोष्टीचं. 1997 मध्ये केनेडी सेंटरनं डिलनचा सन्मान केला तेव्हा त्याच्याबद्दल बोलायला खुद्द ग्रेगरी पेक उभा राहिला होता.

आपल्याकडे असं काही घडलंय का?

सिनेमाचं सोडा, प्रत्यक्षात घडलंय, आणि त्यात एक मराठी माणूस मध्यभागी होता. मे 1960 मध्ये विनोबा भावे पदयात्रा करत चंबळच्या खोऱ्यात, भिंड-मुरैना भागात गेले. मूळचे रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे, भूदानामुळे देशभर ओळख झालेले. मानसिंग या डाकूचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट बघत होता, त्यानं तिथून विनोबांना पत्र लिहिलं होतं. सुमारे वीस जणांनी विनोबांसमोर शस्त्रं ठेवली, त्यात लुक्का नावाचा गाजलेला डाकू होता. 1972 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकारानं शेकडोंनी शरणागती पत्करली.

तुलना फार ताणू नये, कारण तिथली कारणं वेगळी: जमिनीचे तंटे, जातीचे मान-अपमान, पोलिसांशी वैर. पण रिंगोला जे हवं होतं ते हेच, कुणीतरी समोर बसावं आणि त्यानं म्हणावं, ठेव ते खाली. कायेनमध्ये हे म्हणण्याइतकी त्याची ओळख एका स्ट्रेटशीच होती, आणि स्ट्रेटला त्याला गावाबाहेर काढायचं होतं.

मुलांना दाखवायला चालेल?

दहा-बारा वर्षांपुढच्यांना बिनधास्त. रक्त जवळजवळ नाही. उलट रिंगो आणि त्याचा मुलगा बोलत बसतात तो प्रसंग मुलांना आवडतो. पोराला वायट अर्प सगळ्यात जबरदस्त वाटतो, आणि बाप त्याला स्वतःचं नाव सोडून भलत्याच माणसाचं नाव सांगतो. कुणाचं ते बघा.

कुठे आणि कसा बघावा?

जुने सिनेमे चांगल्या प्रतीत काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीनं 2020 मध्ये ब्ल्यू-रे काढली, ती प्रत उत्तम आहे. इंग्रजी उपशीर्षकं लावा, स्ट्रेटचं पुटपुटणं नाहीतर निसटतं. मोबाइलवर बघू नका. खोल चौकटीतला मागचा माणूस दिसणार नाही आणि अर्धी गंमत जाईल. याच्यानंतर लगेच ‘शेन’ किंवा क्लिंट ईस्टवुडचा 1992 चा ‘अनफर्गिव्हन’ बघायचा मोह होईल. मधे एखादा दिवस जाऊ द्या.

अगदी शेवटच्या दृश्यात घोड्यावरून दूर जाणारा तो कोण?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. रिंगोच्या अंत्यविधीला सगळं गाव चर्चमध्ये लोटलंय, आत जागा नाही. पेगी मुलाचा हात धरून येते आणि पहिल्यांदाच चारचौघांत आपण रिंगोची बायको असल्याचं सांगते. ज्या नावापासून ती इतकी वर्षं लपली ते नाव ती आता घेते, आणि लोक वाट करून देतात. त्यानंतर संधिप्रकाशात एक घोडेस्वार, नुसती आकृती, चेहरा दिसत नाही.

कुणी म्हणतं रिंगोचा आत्मा. कुणी म्हणतं सुरुवातीच्या दृश्याची नुसती आठवण, कारण सिनेमा सुरू होतो तेव्हाही एकटा घोडेस्वारच असतो. मी आता आठ-नऊ वेळा बघितलाय आणि मला तो ब्रॉम्ली वाटतो. पुढच्या गावाकडे निघालेला.